त्या कुठल्या आकड्यात बसतात?

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, झोप येत नाही म्हणून लिहितेय. संध्याकाळी टीव्हीवरच्या एका चर्चेत एक गृहस्थ सुदानबद्दल म्हणाले, "तिथला संघर्ष तसा लो इंटेन्सिटीचा आहे, प्रत्यक्ष लढाईतले बळी मर्यादित आहेत." आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. बाकीच्या चौघांपैकी एकानेही त्यांना अडवलं नाही. डोकं फिरलं माझं.

तुमच्यापैकी काहींना माझी खार्टूमची, म्हणजे सुदानच्या राजधानीतली, रूममेट आठवत असेल. दोन वर्षं आम्ही एका खोलीत काढली. तिच्या आईच्या किडन्या निकामी झाल्या होत्या, दर सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस. 15 एप्रिल 2023 ला, शनिवारी सकाळी, सुदानचं सैन्य आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे निमलष्करी दल खार्टूममध्ये एकमेकांवर तुटून पडले. सैन्याचा प्रमुख बुरहान आणि त्या दलाचा प्रमुख हेमेदती. 2021 मध्ये ज्यांनी जोडीने सत्ता बळकावली तेच दोघे, आणि आता ती कुणाच्या मुठीत राहणार यासाठी अख्ख्या शहराचं रणांगण. सोमवारी डायलिसिस सेंटर उघडलंच नाही. वीज गेलेली, जनरेटरला डिझेल नाही, नर्सना घराबाहेर पडता येत नाही.

मैत्रिणीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने ठिपके द्यायला सुरुवात केली. शेवटच्या डायलिसिसला किती दिवस झाले ते. फोन लागला की ती आईला दोनच गोष्टी विचारायची: आज पाणी किती प्यायलीस, आणि खजूर नाही ना खाल्लास? रमजान चालू होता, घरात खजूर होता, आणि किडनीच्या पेशंटला त्यातलं पोटॅशियम जिवावर बेतू शकतं. आठव्या दिवशी भावाने फोटो पाठवला. आईचं पाऊल, सुजून टम्म झालेलं, आणि घोट्याच्या वर अंगठ्याने दाबल्यावर पडलेला खळगा. बोट काढून घेतलं तरी तो भरून येत नव्हता.

अकराव्या दिवशी भावाला गाडी मिळाली. वाद मदनी या शहराच्या वाटेवर, पोचायच्या आधीच त्या गेल्या.

आता मला सांगा, त्या "मर्यादित" आकड्यात या बाई कुठे बसतात? कुठेच नाही. स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठ जगभरातल्या लढायांची नोंद ठेवतं. वर्षाला लढाईत 25 माणसं मेली की सशस्त्र संघर्ष, 1000 झाली की युद्ध. त्या हिशेबाने 2024 मध्ये जगात सरकार ज्यात एक पक्ष आहे असे 61 संघर्ष चालू होते, 1946 पासूनचा सगळ्यात मोठा आकडा. ते लोक प्रामाणिकपणे काम करतात आणि मोजायला कुठलीतरी रेघ ओढावीच लागते, हे मान्य. पण ती रेघ कशासाठी ओढली आहे हे विसरून, तिच्या अलीकडे मेलेल्यांना कुणी "मर्यादित" म्हणायला लागलं की माझ्या डोळ्यांसमोर तो खळगा येतो.

युद्धात माणसं मरतात ती बहुतेक अशीच. इन्सुलिन संपून. बाळंतपणात रक्त मिळालं नाही म्हणून. पाण्याचा पंप बंद पडला, कॉलरा आला म्हणून. काँगोमध्ये 1998 ते 2007 मध्ये युद्धामुळे 54 लाख माणसं दगावली असा एक अंदाज होता, त्यातली बहुसंख्य आजाराने आणि उपासमारीने. त्या आकड्यावर अभ्यासकांनी जोरदार आक्षेप घेतले, तो कमी असेल, बरं, धरा निम्मा. धरा एक चतुर्थांश. तरी चालेल?

मागे एकदा याच विषयावर लिहिलं होतं तेव्हा एका मित्राने खाली लिहिलं, "सुक्याबरोबर ओलंही जळतंच." तेव्हा गप्प बसले, आज बसणार नाही. सुकं कुठे जळतंय? दोन्ही सेनापती धडधाकट आहेत. सुदानच्या दारफुर भागातल्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत 2024 च्या ऑगस्टमध्ये दुष्काळ जाहीर झाला, तिथे लेकरं झुरून मेली, देशभरात एक कोटीहून जास्त लोकांची घरं सुटली. नुसतं ओलंच जळतंय. ही म्हण आपण आपल्या मनाला बरं वाटावं म्हणून वापरतो, आणि मला तिचा राग येतो.

महबूब उल हक या अर्थतज्ज्ञाने हे 1994 मध्येच मांडलं होतं, संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालात. सुरक्षा म्हणजे नुसती सीमेची नाही. पोटाची, औषधाची, घराची, रात्री दाराची कडी लावून निवांत झोपता येण्याची. मानवी सुरक्षा हा शब्द तिथून रुळला. पुढे अमर्त्य सेन आणि सादाको ओगाता यांच्या आयोगाने 2003 मध्ये त्यावर अहवाल दिला. किती साधी, घरातल्या बाईला लगेच कळेल अशी गोष्ट! मैत्रिणीची आई ज्या दिवशी व्यवस्थित मशीनला जोडली जायची, त्या दिवशी ती सुरक्षित होती. तिची सीमा ती एवढीच होती.

आणि जग चाललंय कुठे? 2024 मध्ये जगाचा लष्करी खर्च 2,700 अब्ज डॉलरच्या वर गेला, एका वर्षात 9 टक्क्यांहून जास्त वाढ. त्याच वर्षाच्या अखेरीस घरदार सोडावं लागलेल्यांची संख्या 12 कोटी 32 लाख होती, दहा वर्षांपूर्वीच्या दुप्पट. रुग्णालयांवर हल्ले नकोत असा ठराव सुरक्षा परिषदेने 2016 मध्ये केला, उपासमारीचा हत्यार म्हणून वापर नको असा 2018 मध्ये. दोन्ही एकमताने! हात वर करायला काय लागतं?

भूसुरुंगबंदीचा 1997 चा करार मला आशेची जागा वाटायचा. 2025 मध्ये लिथुआनिया, लॅटव्हिया, एस्टोनिया, फिनलंड आणि पोलंड यांनी त्यातून बाहेर पडायचं ठरवलं. शेजारी रशिया आहे, त्यांची भीती खोटी नाही, हे मला कळतं. पण सुरुंग वीस वर्षांनीही फुटतो, आणि पाय कुणाचा आहे ते बघत नाही.

महायुद्धांच्या काळाशी तुलना केली तर आज कमी माणसं मरतात, हे मला कुणीतरी सांगणारच. खरं आहे ते. त्या मैत्रिणीला सांगून बघा.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. मघाशी तिला फोन केला होता. सैन्याने 2025 च्या मार्चमध्ये खार्टूम परत घेतल्यावर तिचा भाऊ घर बघायला गेला होता, ते आज तिने पहिल्यांदा सविस्तर सांगितलं. पंखे नाहीत, फ्रीज नाही, भिंतीतल्या वायरीसुद्धा ओढून नेलेल्या. आईची डायलिसिसची वही मात्र गादीखाली तशीच होती. तिने त्या पानाचा फोटो पाठवला. तारीख, आधीचं वजन, नंतरचं वजन, असे तीन रकाने, पट्टीने आखलेले. शेवटची नोंद 13 एप्रिलची. खाली 17 एप्रिल ही तारीख त्यांनी आधीच लिहून ठेवली होती.