आइन्स्टाइनवाला मेसेज परत आलाय, म्हणून हे

काल फॅमिली ग्रुपवर मावशीने टाकला. "मूल उशिरा बोलतंय? घाबरू नका! आइन्स्टाइन चार वर्षांचा होईपर्यंत एक शब्द बोलला नव्हता. मुलगे उशिराच बोलतात. घरात एकच भाषा बोला, जीभ चिकटलेली असेल तर कापून घ्या, वेखंड मधात उगाळून चाटवा. स्पीच थेरपी म्हणजे नुसतं खेळवून पैसे काढायचा धंदा." आणि खाली सगळ्यांचे हात जोडलेले.

हा मेसेज मला पहिल्यांदा आला तेव्हा आमचा मुलगा दोन वर्षांचा होता आणि मी तो चार जणांना पुढे ढकलला होता, त्यामुळे आता उत्तर लिहायचं काम माझ्याकडेच येतं.

आधी आइन्स्टाइन. जन्म मार्च 1879 चा, धाकटी बहीण माया नोव्हेंबर 1881 ला झाली. तिनेच पुढे लिहून ठेवलंय की तिला पहिल्यांदा बघून अल्बर्टने विचारलं, हिची चाकं कुठायत? त्याला वाटलेलं खेळणं आणलंय. म्हणजे पावणेतीन वर्षांचं पोरगं अख्खा प्रश्न विचारत होतं, चार वर्षं गप्प वगैरे काही नाही. आता तो उशिरा बोलायला लागला हे त्याने स्वतःच सांगितलंय, पण त्याच्याच पुढे असंही सांगितलंय की आईवडील काळजीत पडले आणि डॉक्टरांकडे गेले! हे मात्र फॉरवर्डमध्ये कोणी टाकत नाही.

"मुलगे उशिराच बोलतात." सरासरी काढली तर मुलींपेक्षा थोडे मागे असतात, थोडेच. त्याच्यावर वर्षभराची सूट काढू नका. दोन वर्षांचं मूल 'आई ये', 'दूध दे' असे दोन शब्द जोडत नसेल तर मुलगा असो नाहीतर मुलगी, दाखवायचं. उशिरा बोलणारी बरीच मुलं नंतर आपोआप गाडीवर येतात हे खरंय, म्हणून तर प्रत्येकाच्या घरात एक काका सापडतो जो साडेतीनला बोलला आणि आता थांबतच नाही (आमच्याकडे नवराच), पण कुठलं मूल येणार आणि कुठलं नाही हे दोन वर्षांच्या वयात सोफ्यावर बसून कळत नाही ना. बोट दाखवतं का, टाटा करतं का, न खुणावता 'चप्पल आण' म्हटलं तर आणतं का, हे सगळं बघून थेरपिस्टला अंदाज येतो. आणि येत असलेले शब्द जर गेले तर अजिबात थांबायचं नाही, त्याच आठवड्यात डॉक्टर.

मेसेजमध्ये कानाचा एक शब्द नाहीये आणि माझा खरा राग तिथे आहे. आमचं पोरगं कुकरची शिट्टी झाली की दचकायचं, बिस्किटाचा पुडा कुरकुरला की धावत यायचं, मग ऐकू येतंय की! आमच्या मुलांच्या डॉक्टरांनीही तेच म्हटलं, बघू सहा महिने. शेवटी अडीच वर्षांचा असताना स्पीच थेरपिस्टनेच सांगितलं की आधी कान तपासा, त्याशिवाय मी सुरू करणार नाही. बेरा (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजायची तपासणी) करायला मूल झोपलेलं लागतं, म्हणून पहाटे पाचला उठवून त्याला जागं ठेवून नेलं, रिक्षात मी गाणी म्हणतेय आणि तो डुलक्या घेतोय. मग इम्पीडन्स टेस्ट, म्हणजे कानाचा पडदा नीट हलतो का ते बघतात. सतत सर्दी असायची त्याने दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साठलेलं निघालं. ठार बहिरा नव्हता, पण बोलणं त्याला दबलेलं, पुसट येत होतं, 'स', 'श' सारखे आवाज तर जवळजवळ नाहीच. शिट्टी ऐकू येणं आणि बोलणं नीट ऐकू येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तेव्हा कळलं, तोपर्यंत वर्ष गेलं होतं.

"एकच भाषा बोला." दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही. शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे. बंगळुरूच्या आमच्या वहिनींनी कोणाचंतरी ऐकून घरात फक्त इंग्लिश सुरू केलं, झालं काय तर दिवसभर त्या बाळाशी बडबडणारी आजीच गप्प झाली.

जीभ. खालची नस खरंच आखूड असते काही बाळांची, दूध ओढता येत नसेल तर कापायचा विचार करतात, क्वचित 'र', 'ल' अडतात. पण मूल शब्दच बोलत नसेल तर त्याचं कारण ती नस नव्हे.

वेखंड कृपा करून नकोच. त्यात बीटा-असारोन नावाचं घातक द्रव्य असतं, त्यापायी अमेरिकेत 1968 पासून ते खाण्यात घालायला बंदी आहे. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध म्हणजे बॉट्युलिझमचा (जिवावर बेतू शकणाऱ्या विषबाधेचा) धोका, मग तो मध कितीही शुद्ध असो.

आता "नुसतं खेळवतात". हो, खेळवतात. मी पण पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं होतं. साबणाच्या फुग्यांची बाटली झाकण घट्ट लावून त्याच्या हातात दिली आणि बाई गप्प बसल्या. मी मदतीला गेले तर मला थांबवलं, म्हणाल्या मनात दहापर्यंत मोजा. त्याने बाटली बघितली, बाईंकडे बघितलं, बाटली पुढे केली. त्यांनी "उघड!" म्हणून उघडली. परत झाकण. असं कितीतरी वेळा. चौथ्या की पाचव्या आठवड्यात "उगद" आलं. मला होमवर्क काय, तर 'हे काय? ते काय? बोल ना!' ही परीक्षा बंद करायची आणि जे चाललंय तेच साधं बोलत राहायचं. पोळी लाटतेय, गोल पोळी, गरम पोळी. आठवड्यातली पाऊण तास थेरपी काय पुरणार, बाकी वेळ मूल आपल्याकडेच असतं. म्हणून जिथे मुलाला आत घेऊन दार लावतात आणि तुम्हाला बाहेर मोबाईल बघत बसवतात तिथे जरूर भांडा.

पैशाचं म्हणाल तर खाजगी फी जड जाते, त्यावर मेसेजशी माझं भांडण नाही. आणि चार वर्षांचं बीएएसएलपी (कान आणि वाचा या विषयातली पदवी) न करता बोर्ड लावलेले पण आहेत, म्हणून आरसीआयचा (थेरपिस्टची नोंदणी करणाऱ्या सरकारी परिषदेचा) रजिस्ट्रेशन नंबर सरळ विचारायचा, खरा असेल तो देतो. पण सरकारी सोय आहे. मुंबईत बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग ही कान-वाचेसाठीची सरकारी संस्था 1983 पासून आहे, नायर हॉस्पिटलमध्येही विभाग आहे, आणि जिल्ह्याला सिव्हिलमध्ये डीईआयसी विचारा, 2013 च्या आरबीएसके या सरकारी बालआरोग्य योजनेतलं मुलांची तपासणी आणि उपचार करणारं केंद्र, 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट. जाताना लसीकरणाचं कार्ड आणि मूल आता जे जे शब्द बोलतं त्यांची यादी घेऊन जा, 'बू' आणि 'भॉ भॉ' सकट.