दोरी आवळणाऱ्या दादांना उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया वाचली. 'एसीत बसून सर्पदंशावर लिहिणाऱ्या बाईंना रान काय माहीत? आमचे आजोबा दोरी आवळायचे आणि माणसं वाचायची. 108 येईपर्यंत काय बघत बसायचं? गावात मांत्रिक आहे.' मतभेद असू देत, पण ही काय बोलायची रीत झाली? नीट विचारलं असतंत तर आनंदानं सांगितलं असतं. माझं माहेर शिराळा तालुक्यातलं. भात, ऊस आणि पावसाळ्यात पडवीत निघणारे साप यांतच मी वाढले. रान मला शिकवू नका.

आता दोरीचं. माणसं वाचायची हे खरं, पण ती दोरीमुळे वाचली हे ठरवलं कुणी? आपल्याकडे जिवावर उठणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. धामण, दिवड, तस्कर बिनविषारी. शिवाय विषारी साप दर वेळी चावताना विष सोडतोच असं नाही. अशा माणसाला दोरी बांधा नाहीतर अंगारा लावा, तो चालत घरी जाणारच.

खरी घोणस चावल्यावर काय होतं ते मी पाहिलंय. माझ्या चुलत्यांना उसाला पाणी पाजताना पायाला चावली. लोकांनी बैलाचा कासरा पोटरीवर करकचून आवळला. दवाखान्यात पोचेपर्यंत खालचा पाय काळानिळा, तटतटून फुगलेला आणि कातडीत कासऱ्याचा पीळ न् पीळ उमटलेला. घोणशीचं विष रक्त गोठू देत नाही, मांस सडवतं. ते एका जागी कोंडलं की त्या जागेची वाट लागते. चुलते जगले ते इंजेक्शनमुळे. पायाची दोन बोटं मात्र गेली. तुमच्या आजोबांचा मान ठेवूनच सांगते, तो पाय बघितलेला माणूस दोरीचं कौतुक करणार नाही.

म्हणून पुन्हा लिहिते. चावलेला हात-पाय हलू देऊ नका, मोडलेल्या हाडाला देतात तसा फळीचा आधार द्या. अंगठ्या, जोडवी सूज चढायच्या आत काढा. चिरू नका, चोखू नका. कुणी आधीच आवळून बांधलं असेल तर वाटेत सोडू नका, डॉक्टरांसमोरच सुटू दे, कारण कोंडलेलं विष एकदम अंगात पसरतं.

108 ची गाडी पावसाळ्यात शेतरस्त्यावर येत नाही, हे तुमचं म्हणणं मान्य. मग पेशंटला मोटारसायकलवर मध्ये बसवा, मागून एकानं घट्ट धरा आणि निघा. चालवत मात्र नेऊ नका.

मांत्रिकाच्या मुद्द्यावर मी बोलणार नाही. त्यापेक्षा तुमच्या गावाजवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात रात्रीसुद्धा सापाचं इंजेक्शन मिळतं, तेवढं विचारून इथं लिहा. तालुक्यातल्या बाकीच्या वाचकांना ते लागेल.