क्रियापदाला एकटं सोडू नका

अभिनंदन! वार्षिक सभेत सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते, तुम्ही नेमकी मान वर केलीत आणि सोसायटीचे सचिव झालात. आता पहिली नोटीस लिहायची वेळ आली आहे. बुधवारी टाकी धुवायची आहे. तुम्ही भाबडेपणाने लिहून मोकळे झालात : 'बुधवारी टाकी धुणार आहोत. पाणी येणार नाही. भरून ठेवा.'

फाडा तो कागद. नऊ शब्द! एवढ्या मोठ्या लेटरहेडखाली नऊ शब्द म्हणजे लग्नाच्या पंगतीत नुसती चटणी वाढल्यासारखं झालं. शिवाय सगळ्यांना एका वाचनात कळेल, मग सचिवाची गरज ती काय उरली? नोटीस अशी लिहितात :

'सर्व सन्माननीय सभासदांना याद्वारे कळविण्यात येते की, पाण्याच्या टाकीच्या स्वच्छतेचे काम हाती घेण्यात येणार असल्याकारणाने बुधवारी पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार आहे. तरी याची नोंद घेण्यात येऊन आवश्यक तो पाणीसाठा करून ठेवण्यात यावा व सहकार्य करण्यात यावे, ही विनंती.'

मोजून बघा. यात सहा वेळा काही ना काही येतं. येत नाही ते फक्त पाणी.

ही कला तशी अवघड नाही. 'धुणे' हे नागडं क्रियापद आहे, ते चारचौघांत आणायचं नाही. आधी त्याचं नाम करायचं : स्वच्छता. नामाला एक 'काम' जोडायचं, काम 'हाती' द्यायचं आणि शेवटी 'घेण्यात येत आहे' म्हणून दार लावून घ्यायचं. या वाक्यात हात आहे, पण तो कोणाचा हे कुणालाच सांगता येत नाही. खरी गंमत तिथेच आहे. 'आम्ही धुतो' म्हटलं की 'आम्ही' सापडतो, आणि सापडला की त्याला विचारता येतं, अहो, गाळ तसाच कसा राहिला? तीन कोटेशनं मागवून तुम्ही मेहुण्याचं मंजूर केलंत असं समजा. 'मी मंजूर केलं' असं लिहाल तर पुढच्या सभेत खुर्च्या उडतील. 'प्राप्त कोटेशनांपैकी एक मंजूर करण्यात आले' असं लिहिलंत की ते जणू वाऱ्याने उडत येऊन आपणहून मंजूर झालं. मराठीच्या 'ने'मध्ये हीच खोड आहे. सचिवाने, समितीने, मेहुण्याने... प्रत्यय लागला की माणूस उघडा पडतो. 'करण्यात आले'च्या घरात 'ने'ला सहसा कुणी बोलावत नाही.

चुकांच्या बाबतीत तर हे विशेष उपयोगी. 'मी चूक केली' असं माझ्या पाहण्यातल्या एकाही पदाधिकाऱ्याने कधी म्हटलेलं नाही. 'चूक झाली' हे बरं आहे, पण नवशिक्यांसाठी. तयारीचा माणूस 'चूक झाल्याचे निदर्शनास आणून देण्यात आले आहे' असं म्हणतो. इथवर आलं की चूक करणारा आरामात घरी जेवत असतो आणि ती दाखवून देणाऱ्याचीच चौकशी सुरू होते.

सरकारी कागद वाचून हात बसवून घ्या. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम 1964 सालचा. मराठी सरकारदरबारी रीतसर जाऊन बसली, पण अंगात साहेबाचा कोट तसाच राहिला. 'इट इज हियरबाय नोटिफाइड' म्हणजे 'याद्वारे कळविण्यात येते'. कशाद्वारे, ते विचारू नका. साहेबाच्या मुलखात मात्र उलटी तऱ्हा. ब्रिटनमध्ये सरकारी कागद साध्या इंग्रजीत लिहावेत म्हणून ट्रेझरीने सर अर्नेस्ट गॉवर्स यांच्याकडून पुस्तिका लिहून घेतली, ती 1948 साली निघाली. अमेरिकेने तर 2010 साली सोप्या लिखाणाचा कायदाच केला. म्हणजे कोट शिवणारे तो काढून ठेवायला निघालेत आणि आपण भर मे महिन्यात गळ्यापर्यंत बटणं लावून उभे. असू दे. आपल्या कंपन्यांतल्या इंग्रजी मेलनी परंपरा टिकवली आहे. तिथे कोणी काही ठरवत नाही, सगळे 'इन द प्रोसेस ऑफ टेकिंग अ डिसिजन' असतात. आणि उत्तर नुसतं देत नाहीत, 'रिव्हर्ट बॅक' करतात, एकदा वळून भागत नाही म्हणून पुन्हा वळतात.

वाचायचा कंटाळा असेल तर टीव्ही लावा. छत्री उलटी झालेला, नखशिखान्त भिजलेला वार्ताहर सांगत असतो, 'या ठिकाणी पाऊस पडत असल्याचं आपल्याला पाहायला मिळतंय.' पाऊस पडतोय असं तो म्हणणार नाही. उद्या कोणी पुरावा मागितला तर? आगही हल्ली विझत नाही. तिच्यावर 'नियंत्रण मिळवण्यात अग्निशमन दलाला यश येताना दिसतंय.'

पण खऱ्या गुरू भेटतील त्या मोबाइलवर स्वयंपाक शिकवणाऱ्या ताई. आमच्या आजीची अख्खी कृती चार ओळींत संपायची. कांदा चीर, खोबरं भाज, वाटण वाट, मीठ घाल. ताई तसं करत नाहीत. 'आता आपल्याला इथे कांदा जो आहे, तो छान असा फ्राय करून घ्यायचा आहे. फ्राय करून झाला की यामध्ये आपण चवीनुसार मीठ ॲड करून घेणार आहोत.' चिमूटभर मिठाला चार क्रियापदांचा खांदा! घालून झाल्यावर पुन्हा, 'तर इथे आपण मीठ ॲड करून घेतलेलं आहे.' तोवर कांदा करपलेला आहे.

यात एक मोठी सोय आहे, ती ध्यानात घ्या. 'ॲड', 'मिक्स', 'फ्राय' आणि 'ग्राइंड' एवढ्या चौघांना 'करून घ्यायचं' जोडलं की बाकी सामान माळ्यावर टाकता येतं. घालणं, पेरणं, भुरभुरवणं, शिंपडणं हे सगळं ॲड. कालवणं, ढवळणं, घोटणं हे मिक्स. परतणं आणि तळणं यांत फरक असतो हे सासूबाईंना माहीत होतं, त्या आता गावी असतात. वाटणं, कांडणं, भरडणं, कुटणं हे ग्राइंड. भरड ती कुठली आणि पूड ती कुठली, मिक्सरला काय कळतंय? नारळ खवायचा, आलं किसायचं, लसूण ठेचायचा, कणीक तिंबायची, तांदूळ पाखडायचे, इतके शब्द एका स्वयंपाकघरात ठेवायचे तर जागा किती लागेल, आणि आजकालचे फ्लॅट केवढे!

शंका घेणारे भेटतील. ते म्हणतील, 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तर आता तरी जरा नीट लिहा. त्यांना आधी 'दिला' म्हणू नका म्हणावं. 'दर्जा प्रदान करण्यात आलेला आहे' म्हणा. अभिजात भाषेला एका शब्दात कसं काय भागवता?

असो, नोटीस लावा. काचेच्या पेटीत, कुलूप घालून, किल्ली तुमच्याकडे. मंगळवारी संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी चष्मा पुसून दोनदा वाचतील आणि विचारतील, 'म्हणजे उद्या पाणी आहे की नाही रे?' तुम्ही हो-नाही करत बसू नका. 'त्याबाबत कळविण्यात आलेले आहे, आजी' एवढंच म्हणा.

एकच काळजी घ्या. रात्री आठच्या सुमाराला तुमचा वॉचमन जिन्याने वर जाईल, प्रत्येक दारावर दोन टिचक्या मारेल आणि ओरडेल, 'उद्या पानी नाय, भरून ठेवा!' की लगेच इमारतीभर बादल्या खडखडायला लागतील. असल्या माणसाला ताबडतोब समज देण्यात यावी. लेखी.