‘वर्ष झालं, आता गोळ्या बंद करा’ म्हणणाऱ्यांना

एक मेसेज गेल्या आठवड्यात माझ्याकडे तीनदा आला. किडनी ट्रान्सप्लांटला वर्ष झालं की शरीर ती आपली मानतं, आईची किडनी असेल तर रिजेक्शन (शरीराने किडनीवर केलेला हल्ला) होतच नाही, गोळ्यांनी प्रतिकारशक्ती मरते, म्हणून त्या सोडून गुळवेलीचा काढा घ्या, असं त्यात लिहिलंय. माझ्या ओटीपोटात उजवीकडे सहा वर्षं आईचीच किडनी आहे. हे वाचून गप्प बसवत नाही.

शरीर किडनी ‘आपली मानत’ नाही. तिच्या पेशींवरच्या खुणा दात्याच्याच राहतात आणि आपल्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीचे सैनिक, त्या कायम ओळखतात. या गोळ्यांतलं मुख्य औषध टॅक्रोलिमस या पेशींना मारत नाही. ‘वाढा, हल्ला करा’ हा त्यांचा आपापसातला निरोप ते अडवतं. गोळी थांबली की काही दिवसांत निरोप पुन्हा सुरू. पहिल्या काही महिन्यांनंतर डॉक्टर डोस उतरवतात, त्यातूनच हा गैरसमज निघाला असावा. पण डोस उतरणं वेगळं आणि बंद होणं वेगळं.

आईकडून आपल्याला निम्म्याच खुणा मिळतात, उरलेल्या वडिलांच्या. गोळ्यांशिवाय निभावलं ते हुबेहूब जुळ्यांचं, कारण त्यांच्या खुणा एकसारख्याच असतात. 23 डिसेंबर 1954 ला बोस्टनमध्ये रिचर्ड हेरिकला रोनाल्ड या जुळ्या भावाची किडनी बसवली, ती अशीच टिकली.

‘अमक्याने गोळ्या सोडल्या, त्याला काही झालं नाही,’ हे वाक्य मला सगळ्यात भीतीदायक वाटतं. बसवलेल्या किडनीच्या वेदना कळवणाऱ्या नसा तुटलेल्या असतात, त्यामुळे रिजेक्शन बहुतेकदा दुखत नाही. लघवीही होत राहते. कळतं ते रक्तातलं क्रिएटिनीन (किडनीने गाळून टाकायचा कचरा) चढल्यावर, आणि तोवर बरंच नुकसान झालेलं असतं. शिवाय रक्तात परक्या खुणांविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या की पुढच्या वेळी जुळणारा दाता मिळणंही अवघड होतं.

गोळ्यांचा त्रास खोटा नाही. पहिल्या वर्षी चहा ओतताना माझा हात थरथरायचा. संसर्ग, मधुमेह, त्वचेचा कॅन्सर यांचा धोका वाढतो. म्हणूनच औषधाची रक्तातली लेव्हल मोजतात. तपासणीच्या सकाळी मी गोळी न घेता, पर्समध्ये ठेवून लॅबमध्ये जाते आणि रक्त दिल्यावर तिथल्याच बाकावर बसून गिळते. टीबीचं रिफॅम्पिसिन ही लेव्हल खाली पाडतं, ग्रेपफ्रूट वर चढवतं. काढ्याने ती कुठे जाईल याची हमी मेसेज पाठवणारा देणार का? आणि काढ्याने प्रतिकारशक्ती खरोखरच वाढली, तर तिचा पहिला हल्ला आईच्या किडनीवरच होईल.

गोळ्या महाग आहेत, हे मात्र खरं. पैशांपायी डोस चुकवत असाल तर ते डॉक्टरांना, ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला लाजू नका, सांगा. स्वस्त ब्रँडवर जाता येतं, मात्र त्यांना विचारून आणि बदलल्यावर लेव्हल तपासून.