खोबणीत लावलेली कातडी कुजते का?

काळ्या बुरशीमुळे किंवा कॅन्सरमुळे कुणाचा डोळा काढला, की घरच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर येतोच: 'खोबणीत मांडीची कातडी लावू देऊ नका. ती कुजते, वास मारते, पुढे खोटा डोळा बसत नाही. जखम आपोआप भरते. लावायचीच तर घरातल्या तरुण माणसाची लावा.' 2021 मध्ये बाबांच्या वेळी तो आम्हाला तिघांनी पाठवला. त्यापायी सही करायला आम्ही दोन दिवस घालवले, याची मला अजून चुटपुट लागते.

'वास मारते' यात तथ्य आहे, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. नुसता डोळ्याचा गोळा काढला, तर पापण्या आणि आतलं ओलसर अस्तर शाबूत राहतं. ते आक्रसलं तर ओठाच्या आतलं अस्तर लावतात. मांडीची कातडी तिथे लावली तर मेलेल्या पेशी साचून खरंच वास येतो. पण बाबांचं एक्झेंटरेशन झालं होतं, म्हणजे खोबण हाडापर्यंत रिकामी केलेली. तिथे ओलं अस्तर उरतच नाही. खपल्या धरतात, पण खोबण उघडी असल्याने त्या साफ करता येतात.

आता कुजण्याचं. ही कातडी अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असते. पहिले एक-दोन दिवस ती खालून पाझरणाऱ्या द्रवावर तगते, मग तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात. खाली रक्त साचलं किंवा ती हलली तर मात्र मरते, म्हणून तिला बारीक चिरा देतात आणि वरून बोळे ठासून बसवतात. हाडावरचा पडदाच गेला असेल तर कातडीचं हे कलम लागत नाही, म्हणजे रुजत नाही; मग कानशिलाचा स्नायू वळवून आणतात. बाबांची पट्टी सहाव्या दिवशी सोडली. सिस्टर सलाइनने बोळे भिजवून एकेक सोडवत होत्या. शेवटचा निघाला, आत फिकट गुलाबी दिसलं. "लागलं हो काका कलम," त्या म्हणाल्या.

जखम आपोआप भरते, पण कित्येक आठवडे, कधी महिने ड्रेसिंग करावं लागतं, आणि भरताना ती भुवई खाली ओढू शकते. काहींसाठी डॉक्टर हाच मार्ग निवडतात. कॅन्सरमध्ये पातळ कातडीचा आणखी एक फायदा: गाठ परत आली तर लवकर दिसते.

अशा खोबणीत नुसता खोटा डोळा बसत नाही, हे बरोबर. पापण्यांसकट सिलिकॉनचा भाग बसवतात, चिकटवून किंवा चष्म्याला जोडून. त्याला आत कोरडं, टिकाऊ अस्तर लागतं, आणि ते ही कातडीच देते.

घरच्यांची कातडी चालत नाही. एकरूप जुळं भावंड सोडलं, तर शरीर परकी कातडी झिडकारतं. मांडीवरून वरचा थरच काढतात. उरलेल्या केसांच्या मुळांतून दोनेक आठवड्यांत नवी त्वचा येते. तोवर ती जागा फार ठणकते. बाबा खोबणीपेक्षा मांडीच्याच दुखण्याने कण्हायचे, रात्री कूस बदलता यायची नाही. वेदनेच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.