पिवळा दिसला म्हणून बेल्जियमचा?

सध्या फिरणारा निरोप असा: आजोबांच्या धोकटीत पिवळट निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, सापडला तर तो बेल्जियमचा, लाखमोलाचा. मधे खोलगट असेल तर वस्तऱ्याला मुरलेला. खोबरेल टाकून घासा, धार लागलीच. मालवण, रत्नागिरी, मुंबई अशा तीन ठिकाणच्या नातेवाइकांनी मला तो पाठवला. दगड फेकू नका, एवढंच त्यातलं पटलं.

जुना म्हणजे खाणीतलाच, असं काही नसतं. ज्यापासून धारेचे दगड करतात त्या कृत्रिम कार्बोरंडमचं पेटंट १८९३ सालचं, तेव्हा पणजोबांचा दगडसुद्धा कारखान्यातला असू शकतो. आमच्या धोकटीतल्या मोठ्या, मेणचट पिवळ्या दगडाला घरात सगळे बेल्जियमचाच म्हणायचे. सोडा घातलेल्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवला, सकाळी ब्रशने घासला. खवट वासाचं तपकिरी पाणी गेलं आणि खालून राखाडी दगड निघाला, एक बाजू भरड, एक बारीक. उन्हात तिरका धरला तर कण चमचमले, वर ओतलेलं पाणी पिऊन गेला, नख फिरवलं तर कानसीसारखं झिजलं. पिवळेपणा सगळा तेलाचा! असा कारखान्यातला दगड कोयतीला उत्तम, वस्तऱ्याला नाही.

खरा बेल्जियमचा दगड म्हणजे कोतिक्यूल, तिथल्या आर्देनच्या डोंगरातला. फिकट पिवळ्या थरात गार्नेटचे अतिसूक्ष्म कण आणि खाली बहुधा गडद पाटीचा दगड. हा जोड कधी नैसर्गिक, कधी चिकटवलेला. चिकटवलेला भिजत ठेवला तर सुटू शकतो. लेबल नसेल तर खाणीचं नाव ठोकून देऊ नये.

खोलगटपणाचं कौतुक तर अजबच. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात, पाठीमुळेच कोन कायम राहतो. खड्डा असला की धार कुठे टेकते, कुठे अधांतरी राहते. दगड सपाट करायला काचेवर २२० नंबरचा वॉटर पेपर ठेवा, दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि रेघा पुसल्या जाईपर्यंत पाण्यात घासा. कोरडं नको, ती धूळ छातीत जाते. मग धार पुढे ठेवून, जोर न देता वस्तरा फिरवा. चामड्याच्या पट्ट्यावर मात्र पाठ पुढे.

खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं. पौषातल्या सकाळी आपल्याकडे बाटलीत गोळा होतो, तोच दगडाच्या छिद्रांत लोखंडाच्या चुऱ्यासकट बसतो. कोतिक्यूलला नुसतं पाणी पुरतं.

धोकटीतला दुसरा, फडक्यात गुंडाळलेला निळसर तुकडा पाणी पीत नाही, चमकत नाही, नखाला साबणासारखा लागतो. आजोबांचा वस्तरा मी त्याच्यावरच लावतो. मोठा दगड काकीने कोयतीसाठी नेलाय. लाख रुपये घेऊन कुणी आलं तर तिच्याकडे पाठवीन.