लाकडी सांगाड्याचे घर आणि शनिवारवाड्याची भीती

लाकडी सांगाड्याच्या घरांना ‘पर्यावरणपूरक’ म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे, असे सांगणारा एक मजकूर सध्या मोबाइलवर सर्वत्र फिरतो आहे. अशा घरांसाठी जंगले तोडावी लागतात, ती पहिल्या ठिणगीत राख होतात (‘शनिवारवाडा आठवा’), भिंतींत भरलेले उष्णतारोधक साहित्य थंड देशांपुरतेच उपयोगी असते आणि आपल्या पावसात लाकूड कुजतेच, असे त्याचे म्हणणे आहे. यातला शेवटचा आक्षेप गंभीर आहे; पहिल्या तिघांत तेवढा दम नाही.

वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो आणि घर उभे असेपर्यंत तो हवेत परतत नाही. याउलट सिमेंटसाठी चुनखडी भाजताना, इंधन कोणतेही वापरले तरी, तिच्या वजनाच्या सुमारे ४४ टक्के कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. अर्थात, तोडलेल्या जागी पुन्हा झाड वाढले तरच लाकडाचा हिशेब जुळतो. स्वीडनने १९०३ च्या कायद्याने पुनर्लागवड बंधनकारक केली आणि तिथल्या जंगलांतील लाकूडसाठा शतकभरात जवळपास दुप्पट झाला. नैसर्गिक जंगलातून चोरून आणलेल्या सागवानाला हा युक्तिवाद लागू होत नाही. मजकुराने बोट तिकडे दाखवले असते, तर ते रास्तच ठरले असते.

शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला, हे खरेच आहे. पण जाड तुळई जळताना तिच्या पृष्ठभागावर कोळशाचा थर धरतो, तो आतल्या लाकडाला उष्णतेपासून वाचवतो आणि ज्वलन मिनिटाला सुमारे ०.७ मिलिमीटर वेगानेच आत सरकते. म्हणून अभियंते तेवढी जाडी हिशेबात धरून तुळई निवडतात. सांगाड्याच्या बारीक वाशांना ही सवलत नसते. त्यांच्यावर जिप्समचे तक्ते ठोकतात, कारण शुद्ध जिप्समच्या वजनात सुमारे २० टक्के पाणी बद्ध असते आणि त्याची वाफ होऊन जाईपर्यंत मागचे लाकूड फारसे तापत नाही. नॉर्वेतील म्यॉस्टॉर्नेट ही ८५ मीटर उंचीची लाकडी इमारत २०१९ मध्ये पूर्ण झाली, ती अशाच हिशेबांच्या भरवशावर.

उष्णतारोधनाबद्दलचा आक्षेप तर चटकन निकालात निघतो. उष्णता कोणत्या दिशेने वाहते याच्याशी भिंतीत भरलेल्या लाकूडतंतूंच्या पाट्यांना किंवा जुन्या वर्तमानपत्रांच्या चुऱ्याला काही देणेघेणे नसते; नागपुरातल्या मे महिन्यात त्या बाहेरची झळ तशीच अडवतात.

आता ओलाव्याचा आक्षेप. लाकडातील ओलावा दीर्घकाळ २० टक्क्यांच्या बराच वर राहिला, की बुरशीला वाव मिळतो. नॉर्वेत हिवाळ्यात बाष्प उबदार घरातून बाहेर जाऊ पाहते, म्हणून तिथे बाष्परोधक पडदा भिंतीच्या आतल्या अंगाला लावतात. तीच भिंत रत्नागिरीत जशीच्या तशी उभारून खोलीत वातानुकूलन यंत्र लावले, तर पावसाळ्यात बाष्प बाहेरून आत येते, थंड पडलेल्या त्या पडद्याच्या मागे त्याचे पाणी होते आणि वासे कुजू लागले तरी आत बसलेल्याला पत्ता लागत नाही. अशा ठिकाणी भिंतीचे आतले अंग तिच्यातले बाष्प खोलीकडे सुटू देणारे हवे आणि बाहेरच्या फळ्यांमागे हवा खेळण्यासाठी दोन-अडीच सेंटिमीटरची पोकळी हवी. छपराची रुंद वळचण आणि उंच जोते कोकणातल्या जुन्या घरांना होतेच; परदेशी नकाशे उचलताना नेमके तेच गाळले जाते.

वाळवीसाठी जोते आणि तळाची आडवी तुळई यांच्यामध्ये बाहेर डोकावणारी धातूची पट्टी बसवतात, म्हणजे वाळवीला तिला वळसा घालून उघड्यावर यावे लागते आणि तिच्या मातीच्या नळ्या नजरेस पडतात. बोरॉनच्या क्षारांची प्रक्रिया उपयोगी असली, तरी ते क्षार पावसात धुऊन जातात. म्हणून ती आडोशातल्या लाकडालाच करावी आणि उघड्यावरच्या पायऱ्यांसाठी सरळ जांभा वापरावा.